मुंग्या मोजायला आफ्रिकेला?

ताई, नमस्कार.

मी अमरावतीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. केनियातल्या लायकिपिया भागात एका वन्यजीव संशोधन केंद्रावर जून ते ऑगस्ट अशी तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. अर्ज भरताना डोळ्यांसमोर सिंह आणि हत्ती होते. गेल्या आठवड्यात ईमेल आली, त्यात माझं काम लिहिलंय: बाभळीवरच्या मुंग्या मोजणे आणि उरलेल्या वेळात कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे रानात बसवलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांचे, फोटो बघून वर्गवारीने लावून ठेवणे. बाबा म्हणतात, मुंग्या मोजायला आफ्रिकेला कशाला जायचं, आपल्या अंगणात काय कमी आहेत? मैत्रिणी हसतात. दुसरं काम मागून घेऊ का? मी कधी एकटी घराबाहेर राहिलेली नाही, इंग्रजी बोलताना अडखळते, शाकाहारी आहे. तिथं आपला कुणाला उपयोग होईल की नुसतं ओझं होईल, या विचाराने झोप लागत नाही.

— एक विद्यार्थिनी, अमरावती

दुसरं काम मागू नकोस. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण तू त्या ईमेलला उत्तर लिहायला बसली असशील. मी स्वतः लायकिपियात दोन हंगाम काढले आहेत, आणि तुला जे काम दिलंय ते तिथलं सगळ्यात शिकवणारं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

तुझी बाभूळ बहुतेक व्हिसलिंग थॉर्न, म्हणजे शिट्टीची बाभूळ असणार. आपल्या बाभळीच्या भावकीतलीच. लायकिपियाच्या काळ्या मातीवर झाड म्हणून जे दिसतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त हेच एक झाड आहे. मैलोन्‌मैल तेच, बहुतेक ठिकाणी माणसाच्या उंचीचं किंवा थोडं जास्त. त्याच्या काही काट्यांच्या बुडाशी पोकळ गोळा फुगतो, साधारण लहान लिंबाएवढा. त्या गोळ्याला मुंग्या भोकं पाडतात आणि आत संसार थाटतात. झाड त्यांना राहायला घर देतं, पानांच्या देठापाशी गोड रस देतं. मुंग्या त्या बदल्यात झाडाला तोंड लावणाऱ्यावर तुटून पडतात. लायकिपियात चार जातींच्या मुंग्या या झाडावर राहतात, पण एका झाडावर एका वेळी राज्य एकाच जातीचं. शेजारच्या झाडासाठी त्यांच्यात लढाया होतात, आणि सकाळी बुंध्याखाली मेलेल्या मुंग्यांचा सडा पडलेला मी पाहिला आहे.

आता हत्ती. अशी बाभूळ हत्तीने मनात आणलं तर मुळासकट उपटेल. तरी तो तिच्या वाटेला सहसा जात नाही, कारण सोंडेच्या आतली कातडी नाजूक आणि मुंग्या नेमक्या तिथं शिरतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हत्तींपुढे मुंग्या काढून टाकलेल्या फांद्या ठेवल्या, तर त्यांनी त्या आवडीने खाल्ल्या. मुंग्या असलेल्या फांद्यांना तोंड लावलं नाही. म्हणजे आख्खं रान उभं आहे ते काट्यांच्या नव्हे, मुंग्यांच्या भरवशावर.

आणि हे बाबांना वाचून दाखव. गेल्या वीसेक वर्षांत लायकिपियात एक परकी मुंगी शिरली आहे, मोठ्या डोक्याची. माणसांच्या सामानसुमानाबरोबर ती जगभर पसरते. ती झाडावरच्या मूळ मुंग्यांना मारते, त्यांची अंडी-पिल्लं खाऊन टाकते, पण झाडाचं रक्षण काही करत नाही. मग हत्ती येतात आणि झाडं मोडतात. जिथं ही मुंगी पसरली तिथं मोडतोड पाच ते सात पट. रान उघडं पडलं. सिंहाची शिकार चालते ती आडोशावर. आडोसा गेला, झेब्र्याला सिंह लांबून दिसायला लागला. ओल पेजेटा या राखीव रानात २००३ साली सिंहांच्या शिकारीत झेब्र्यांचा वाटा ६७ टक्के होता, तो २०२० पर्यंत ४२ वर आला. रानम्हशींचा वाटा शून्यावरून ४२ वर गेला. आणि रानम्हैस मारणं झेब्रा मारण्यापेक्षा कितीतरी अवघड, जिवावर बेतणारं. सिंहांची संख्या अजून टिकून आहे. पुढे काय होईल ते बघायचं आहे. जानेवारी २०२४ मध्ये हे संशोधन 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं. त्याचा पहिला लेखक डग्लस कामारू हा केनियाचाच. सिंह काय खातो या प्रश्नाचं उत्तर मुंगीपाशी सापडलं, आणि ते सापडलं कारण कुणीतरी झाडामागून झाड मुंग्या बघत गेलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तीन महिने तुझा याच कामाशी संबंध येणार आहे. त्याच लायकिपियात म्पाला नावाचं केंद्र आहे. तिथं १९९५ साली काळ्या मातीवर कुंपणाचे अठरा तुकडे आखले, प्रत्येक २०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद. कुठे गुरं येऊ द्यायची, कुठे फक्त रानजनावरं, कुठे हत्ती-जिराफ सोडून बाकीची, कुठे कुणीच नाही. दहा वर्षं असं ठेवल्यावर काय दिसलं? आपल्याला वाटेल, हत्ती-जिराफ आत येत नाहीत म्हटल्यावर बाभळी माजतील. झालं उलटं. खाणारं कुणी नाही म्हणताना झाडांनी मुंग्यांना रस आणि घरं देणं कमी केलं. राखणदार मुंग्या कमी झाल्या, झाडाची फारशी राखण न करणारी जात बळावली, आणि झाडं खंगली, जास्त मेली. हे २००८ मध्ये छापून आलं, आणि कुंपणं आजही उभी आहेत. इतक्या वर्षांत तुझ्यासारख्या कितीतरी पोरापोरींनी तिथं फांद्यांवर बोट टेकून मुंग्या मोजल्या आहेत. त्यांच्या तीन-तीन महिन्यांना जोड देत देत ही तीस वर्षं झाली.

काम प्रत्यक्षात कसं असतं? झाडाला पत्र्याचा छोटा बिल्ला असतो, त्यावर नंबर. नंबर वाचायचा, मोठ्याने म्हणायचा, सोबतच्याने वहीत लिहायचा. मग एका फांदीवर टकटक करायची आणि अर्ध्या मिनिटात ठरलेल्या टापूत किती मुंग्या धावून येतात ते मोजायचं. पोट वर उचलून येतात त्या. दुरूनही कळतं की चिडल्या आहेत. एक उग्र वास सुटतो. मग जात कोणती, गोळे किती, नवे किती, फांद्या कुणी खाल्ल्यात का. पुढचं झाड. पहिल्या दिवशी हातावर चावे उठतील, तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल, आणि दोनेक आठवड्यांनी अचानक असं होईल की बिल्ला वाचायच्या आधी, चालतानाच तुला कळेल या झाडावर कोण राहतं. तेव्हापासून तुला मजा येईल. त्याच्या आधी मला लिहून तक्रार केलीस तरी चालेल.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. माझ्या दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी आठ झाडं राहिली होती. ढग आले होते, गाडी निघायची घाई होती. त्यातल्या तीन झाडांशी मी गेलेच नाही. आदल्या महिन्याचे आकडे वहीत दिसत होते, त्याच अंदाजाने रकाने भरले. माझ्यासोबत सांबुरू समाजातले एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, अठरा वर्षं त्याच रानात काम केलेले. ते काही बोलले नाहीत. केंद्रावर आल्यावर कंदील घेऊन बसले, माझी वही मागितली, ते तीन रकाने बोटाने दाखवले आणि म्हणाले, "सिजाओना." म्हणजे मी पाहिलेलं नाही. मी गप्प. ते परत म्हणाले, "इथं हे लिही. सिजाओना. हे लिहिलं तर उद्या कुणीतरी जाऊन पाहील. आकडा लिहिला तर कुणीच जाणार नाही." माझ्या हाताने ते तीन आकडे खोडले आणि तो शब्द लिहिला. आजही माझ्या वहीत रिकाम्या रकान्यात तोच शब्द असतो. तू विचारलंस ना, उपयोग होईल की ओझं? पहिले दोन-तीन आठवडे तू ओझंच असशील, कुणाचा तरी वेळ तुला शिकवण्यात जाईल. ते सगळ्यांचंच होतं, त्याची लाज नको. पण ज्या दिवशी तुझ्या वहीतल्या आकड्यावर न बघता विश्वास ठेवता येईल, त्या दिवसापासून तुझा उपयोग आहे. इंग्रजी अडखळतं का सरळ चालतं, याने काही फरक पडत नाही. तिथल्या बहुतेकांचीही इंग्रजी तिसरी किंवा चौथी भाषा असते. हळू बोल, आकडे दोनदा बोल.

स्वाहिली थोडी शिकून जा, आणि घाबरू नकोस, अर्धी वाट तुला ओळखीची आहे. हिशेबाला हेसाबू, दुकानाला दुका, साबणाला साबुनी, गाडीला गारी, विम्याला बिमा. चहाला चाय आणि चपातीला चपातीच. एकच गोष्ट गोंधळ घालते: वेळ. स्वाहिलीत दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात. 'सा मोजा', शब्दशः एक वाजता, म्हणजे आपले सकाळचे सात. 'सा ताटू', तीन वाजता, म्हणजे नऊ. गाडी कधी निघणार असं विचारलंस की उत्तर इंग्रजी घड्याळाचं की स्वाहिली, हे त्याच वेळी विचारून घे.

जेवणाचीही काळजी नको. मुगाला तिथं न्देंगू म्हणतात आणि त्याची रस्सेदार उसळ चपातीबरोबर सर्रास होते. मका-राजम्याची गिथेरी असते, मक्याच्या पिठाची उगाली असते, सोबत सुकुमा विकी ही हिरवी पालेभाजी. शाकाहारी आहेस हे आधी लिहून कळव, आणि शाकाहारी म्हणजे मासे, कोंबडी आणि मटणाचा रस्साही नाही, हे स्पष्ट लिही. लोणचं आणि गोडा मसाला ने. तू जेवशील त्यापेक्षा जास्त तिथले लोक संपवतील.

कागदपत्रांत मात्र ढिलाई करू नकोस. पीतज्वराची लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, तिथल्या तारखा लवकर भरतात. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना भारताच्या विमानतळावरच सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, कार्ड जपून ठेव. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. लायकिपिया उंचावर आहे, पण वाटेत आणि सुट्टीत तू कुठे कुठे जाशील त्यावर ते ठरतं. परवान्याचं केंद्राला लेखी विचार. केनियात २०२४ पासून बाहेरून येणाऱ्यांना ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते, पण ती पर्यटकाची काढून संशोधनाच्या कामाला बसणं बरोबर नाही. इंटर्नला कोणता पास लागतो आणि संशोधन परवान्यात तुझं नाव आहे का, हे केंद्राने सांगायला हवं. पैशांचंही तसंच. राहण्या-जेवण्याचे रोजचे किती, रानात जायच्या गाडीचा खर्च कुणाचा, हे तिकीट काढायच्या आधी लेखी घे. नीट केंद्र असेल तर या प्रश्नांचा त्यांना राग येत नाही. आणि तुझ्या मैत्रिणींपैकी कुणाला 'पैसे भरा, सिंहाच्या पिल्लांना दूध पाजा' अशी जाहिरात दिसली तर त्यांना सांग, त्यात संशोधन नाही आणि त्या पिल्लांचं पुढे भलं होत नाही.

सामान. लोक आफ्रिका म्हटलं की सुती कपडे भरतात. तू विषुववृत्तावर जातेयस खरी, पण समुद्रसपाटीपासून १,७००-१,८०० मीटरवर. जून-जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत स्वेटर आणि कानटोपीशिवाय बसवत नाही. बूट जाड तळाचे, कारण त्या बाभळीचे काटे साध्या चपलेतून आरपार जातात, गाड्यांचे टायर पंक्चर करतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत, केनियात सामान्य माणसाला ते घालायची बंदी आहे. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर तिथं ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि शिक्षा कडक आहेत, म्हणून आई चिवडा ज्या पिशव्यांत बांधेल त्या आधी बघ. कापडी पिशव्या आणि डबे ने. परत येताना पीस, हाड, साळिंदराचा काटा, काहीही आणायचं नाही, जमिनीवर पडलेलं असलं तरी.

आणि काळी माती. याबाबतीत तू लंडनहून आलेल्या पोरांपेक्षा पुढे आहेस. ती आपल्यासारखीच आहे: उन्हात पाय जाईल एवढ्या भेगा, पावसात चिखल असा की बुटाला दोन किलोचा गोळा चिकटतो आणि गाडी जागची हलत नाही. अमरावतीच्या शेतात पहिल्या पावसानंतर चालली असशील तर तुला शिकवायला नको. लोक चाकाखाली दगड टाकत बसतात तेव्हा तू पऱ्हाट्या नाहीतर फांद्या आणायला पळ.

सुरक्षिततेचं आता, आणि हे मी आईबाबांसाठीही लिहिते. हत्ती-सिंहांपेक्षा मला एकट्या रानरेड्याची जास्त भीती वाटते. दाट झुडपात तो निमूट उभा असतो. म्हणून रानात हत्यारी रखवालदार, अस्कारी, सोबत असल्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. त्याने थांब म्हटलं की वाक्य अर्धं सोडून थांब. अंधार पडल्यावर खोलीपासून जेवणघरापर्यंतसुद्धा टॉर्चशिवाय, एकटीने नको. सकाळी बूट झटकून घाल. अपघात-आजारात विमानाने नैरोबीला हलवायची सोय असलेला विमा घे. अॅमरेफ या आरोग्यसंस्थेचे फ्लाइंग डॉक्टर्स १९५७ पासून हेच काम करतात, तुझं केंद्र त्यांच्याशी जोडलेलं आहे का ते विचार.

पाळीचं सामान तीन महिन्यांचं इथूनच ने. रानात दिवसभर गटात एकटीच मुलगी असण्याची वेळ येईल. झुडपामागे जायचं असेल तर अस्कारीला सांगूनच जा. ते आधी जागा बघून देतात आणि पाठ करून उभे राहतात. त्यांना त्यात अवघड वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस. आणि जाण्याआधी केंद्राला विचार: माझ्या वरिष्ठाबद्दलच तक्रार असेल तर ती कुणाकडे करायची? नाव आणि नंबर लिहून घे. जगातल्या सगळ्याच दुर्गम केंद्रांवर हा प्रश्न विचारावा लागतो. कुणाचा स्पर्श, बोलणं, रात्रीचे मेसेज खटकले तर 'एवढ्या लांब येऊन काय तक्रार करायची' असं मनात आणू नकोस. काम अर्धवट सोडून परत आलीस तरी मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

एक गोष्ट तुला कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. लायकिपिया हे नावच तिथल्या मासाई लोकांचं आहे. ब्रिटिशांनी १९११ च्या करारानंतर त्यांना तिथून दक्षिणेला हलवलं आणि ती जमीन गोऱ्यांच्या गुरांच्या मोठ्या रँचसाठी दिली. आज जी राखीव रानं आहेत, त्यातली बरीच त्याच रँचची झालेली आहेत. दुष्काळात कुंपणाबाहेर गुरं उभी असतात आणि आत गवत असतं, तेव्हा तो जुना सल वर येतो. तू मेळघाटाजवळची आहेस, कोरकू गावं व्याघ्र प्रकल्पातून उठलेली तुला माहीत आहेत. तेव्हा 'हे लोक रानात गुरं का घालतात' असा प्रश्न जेवणाच्या टेबलावर कुणी फेकला तर तू तरी घाईने मान हलवू नकोस. आणि तुझ्यासोबत झाडं मोजणारा जो माणूस असेल, त्याला पहिल्याच दिवशी त्याचं पूर्ण नाव विचार, वहीच्या प्रत्येक पानावर तुझ्या नावाशेजारी लिही. तुझ्या अहवालातही ते यायला हवं. मेळघाटात वनमजुरांना सगळं ठाऊक असतं आणि कागदावर त्यांचं नाव नसतं. तिथंही बरेचदा तसंच होतं.

फोटोंच्या कामाबद्दल फार लिहीत नाही. हजारो फोटोंत नुसतं हललेलं गवत असेल. मधेच ग्रेव्हीचा झेब्रा येईल, बारीक पट्ट्यांचा, मोठ्या गोल कानांचा. जगात हे सुमारे ३,००० उरलेत, आणि बहुतेक उत्तर केनियात. त्यांची मोजदाद करताना उजव्या कुशीचे फोटो घेतात, कारण पट्टे प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. असा फोटो दिसला की पुढचं बटण लगेच दाबू नकोस.

बाबांचं म्हणणं मात्र अगदीच चुकीचं नाही. पोट उचलून धावणाऱ्या या मुंग्यांच्या भाऊबंद आपल्याकडेही आहेत. सह्याद्रीत झाडावर मातकट कागदासारखी गोल घरटी असतात ती त्यांचीच, आणि तांबूस रंगाचा एक सुतारपक्षी त्याच घरट्यात भोक पाडून स्वतःची अंडी घालतो. परत आलीस की बाबांना घेऊन ते बघायला जा.

पोहोचल्यावर दुपारी वारा सुटेल तेव्हा दोन मिनिटं गाडीचं इंजिन बंद करायला सांग. आधी काहीच ऐकू येत नाही, मग बारीक शीळ सुरू होते, एका झाडाची, मग दुसऱ्याची. ती त्या मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून येते. तुझ्या पहिल्या झाडावर चौघींपैकी कोण निघाली, ते मला लिहून कळव.